कादंबरी जुनी, बातमी नंतरची

कादंबरीतल्या माणसांना उद्या काय होणार ते माहीत नसतं. आपल्याला पुष्कळदा असतं. राजकीय थरारकादंबरीत हा फरक जास्त जाणवतो, कारण तिच्यातला ‘उद्या’ खऱ्या जगात येऊन गेलेला असतो. याविषयी आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. शेवट फोडल्याशिवाय ही उत्तरं देता येत नाहीत. ज्यांना रहस्य जपायचं आहे त्यांनी प्रश्नातलं पुस्तकाचं नाव पाहून ते उत्तर खुशाल सोडून द्यावं.

प्रश्न : टॉम क्लॅन्सीची ‘डेट ऑफ ऑनर’ नुकतीच वाचली. शेवटी एक वैमानिक जंबो जेट अमेरिकी संसदेच्या इमारतीवर आदळवतो. पुस्तक १९९४चं. लेखकाला २००१चा विमानहल्ला आधीच दिसला होता असं म्हणायचं का? आणि खरं सांगायचं तर तिथपर्यंतची पानं कंटाळवाणी वाटली.

आधी कंटाळ्याचं बघू, कारण दुसरं उत्तर त्यातच आहे. तुम्ही शेवटाची वाट बघत वाचलंत, म्हणून मधलं रटाळ वाटलं. १९९४च्या वाचकाला शेवट ठाऊक नव्हता. त्याने पुस्तक हातात घेतलं ते अमेरिका-जपान व्यापारी भांडणासाठी. जपानी मोटारींनी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी अमेरिकी कारखाने बसवले, ही तेव्हाची रोजची ओरड होती. कादंबरीत त्या भांडणातून आधी कडक व्यापारी कायदा येतो, मग शेअर बाजाराच्या संगणकातल्या व्यवहारांच्या नोंदी नाहीशा होतात, मग जपानी सैन्य मारियाना बेटांवर उतरतं. त्या वाचकाची भीती इथे होती. विमान येतं ते अगदी शेवटी. लेखकाला त्याचा उपयोग एवढाच, की नुकताच उपाध्यक्ष झालेला कथानायक जॅक रायन एका फटक्यात राष्ट्राध्यक्ष व्हावा. राष्ट्राध्यक्ष आणि दोन्ही सभागृहांचे सदस्य एका छताखाली असतात तो दिवस त्यासाठीच निवडला आहे.

११ सप्टेंबर २००१नंतर पुस्तकाचा सगळा तोल त्या शेवटच्या पानांकडे गेला. भीतीची जागा सरकली आणि जिच्यासाठी पुस्तक लिहिलं होतं ती जागा रिकामी पडली. बातमी जुन्या थरारकादंबरीचं जे करते ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता भाकिताचं. एखादा प्रसंग ‘आधीच लिहिला होता’ असं वाटलं की तीन गोष्टी जुळवून बघाव्यात: कोणी केलं, का केलं, कसं केलं. क्लॅन्सीचा वैमानिक एकटा आहे. युद्धात भाऊ आणि मुलगा गेल्याच्या दुःखात तो हे करतो. त्याच्यामागे संघटना नाही, वर्षभराची तयारी नाही. २००१मध्ये १९ अपहरणकर्ते आणि प्रवाशांसह बळकावलेली ४ विमानं होती. म्हणजे ‘कोण’ जुळत नाही, ‘का’ जुळत नाही. ‘कसं’ तेवढं जुळतं, तेही अर्धंमुर्धं. शिवाय ते ‘कसं’ही लेखकाच्या डोक्यातून अचानक उगवलेलं नव्हतं. सॅम्युएल बिक नावाच्या माणसाने २२ फेब्रुवारी १९७४ला बाल्टिमोर विमानतळावर विमान बळकावून व्हाइट हाउसवर पाडायचा प्रयत्न केला होता. पुस्तक बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच, १२ सप्टेंबर १९९४ला, एक छोटं सेसना विमान व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन कोसळलं. त्याच डिसेंबरात अल्जिअर्सहून बळकावलेलं एअर फ्रान्सचं विमान पॅरिसवर पाडायचा बेत असल्याचा संशय फ्रेंचांना होता, आणि त्यांच्या कमांडोंनी ते मार्सेय विमानतळावर सोडवलं. कल्पना हवेत होती. लेखकाने ती पकडली.

आणखी एक खोट राहते. जुळलेलं आपण लक्षात ठेवतो, चुकलेलं मोजत नाही. जपानशी युद्ध झालं नाही. जपानचा आर्थिक फुगा तर पुस्तक छापून येण्याआधीच, १९९०च्या सुमारास फुटायला लागला होता. मधली पानं पुन्हा वाचलीत तर १९९४ची धास्ती मनात धरून वाचा. तरीही कंटाळा आलाच तर तो तुमचा दोष नाही. आटोपशीर लिहिणं हा क्लॅन्सीचा गुण कधीच नव्हता.

प्रश्न : फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना नैसर्गिक मरण आलं हे माहीत असताना त्यांच्या हत्येच्या कटावरच्या ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये थरार कसला? गंमत म्हणजे आमच्या वाचनगटातल्या ज्या मुलांना द गॉल कोण हेच ठाऊक नव्हतं, त्यांनाच पुस्तक सगळ्यांत जास्त आवडलं.

ती मुलं एका परीने नशीबवान. फ्रेडरिक फोर्सिथची कादंबरी १९७१ची. द गॉल ९ नोव्हेंबर १९७०ला आपल्या गावच्या घरी वारले. पहिल्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्यालाही मारेकऱ्याचा नेम चुकणार हे पक्कं माहीत होतं. फोर्सिथने ‘होईल का’ हा प्रश्न सोडूनच दिला आणि ‘कसं जमवतो’ व ‘कसा सापडतो’ या दोन प्रश्नांवर सगळा डोलारा उभा केला. तुमच्या गटातल्या मुलांना मात्र तिसरा, फुकटचा प्रश्नही मिळाला: हा माणूस मरतो की वाचतो? विस्मरणाने रहस्य परत येतं. त्यांना आधी इतिहास सांगून त्यावर पाणी टाकू नका.

पण एक गोष्ट त्यांच्या हातून निसटते: फ्रेंच लष्करातलेच लोक आपल्या राष्ट्राध्यक्षाच्या जिवावर का उठले? तेवढं मात्र सुरुवातीलाच सांगून टाका. अल्जेरियातल्या पेचामुळे १९५८मध्ये द गॉल पुन्हा सत्तेवर आले. अल्जेरिया फ्रान्सकडेच राहील या भरवशावर कित्येक अधिकाऱ्यांनी त्यांना साथ दिली होती. मार्च १९६२मध्ये एव्हियाँ करार झाला, जुलैत अल्जेरिया स्वतंत्र झाला, आणि या अधिकाऱ्यांच्या लेखी तो विश्वासघात होता. २२ ऑगस्ट १९६२ला पॅरिसजवळच्या पती-क्लामार इथे द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. दोन टायर फुटले, चालकाने गाडी थांबवली नाही, आतल्या कोणालाही इजा झाली नाही. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ला गोळ्या घालण्यात आल्या. कादंबरी सुरू होते ती इथून; इथवरचं सगळं खरं आहे.

याच पुस्तकातला एक प्रसंग जवळून बघा. मारेकरी खेड्यातल्या दफनभूमीत हिंडून आपल्या वयाच्या जवळपास जन्मलेल्या, पण लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव शोधतो आणि त्या नावाने जन्मदाखला व पासपोर्ट मिळवतो. १९७१मध्ये वाचकाने ती लेखकाची हुशारी मानली. नोव्हेंबर १९७४मध्ये जॉन स्टोनहाउस नावाचे ब्रिटिश खासदार मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बेपत्ता झाले आणि डिसेंबरात ऑस्ट्रेलियात सापडले. त्यांनी मृत माणसांची नावं वापरली होती. (ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांना आधी वाटलं, हा नोव्हेंबरातच फरार झालेला ब्रिटिश उमराव लॉर्ड ल्यूकन असावा. कादंबरीत कोणी हे लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.) त्यानंतर तेच प्रकरण बातमीसारखं वाचलं जाऊ लागलं. आज, चिपवाल्या पासपोर्टच्या काळात, ते जुन्या सरकारी कचेऱ्यांचा इतिहास म्हणून वाचलं जातं. शब्द तेच, वाचन तीन.

प्रश्न : केनेडींच्या हत्येनंतर ‘द मँच्युरियन कँडिडेट’वर बंदी आली होती म्हणे. खरं का?

नाही. मन धुतलेल्या सैनिकाकडून राजकीय हत्या घडवण्याच्या कटाचा हा चित्रपट ऑक्टोबर १९६२मध्ये, क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचाच्या ऐन दिवसांत लागला. हत्या २२ नोव्हेंबर १९६३ची. मध्ये वर्षाहून जास्त काळ गेला होता आणि पहिलं प्रदर्शन केव्हाच संपलं होतं. १९६५मध्ये तो अमेरिकी टीव्हीवर दाखवलाही गेला. पुढे बरीच वर्षं तो दुर्मिळ झाला त्याला हक्कांचे आणि पैशांचे वाद कारणीभूत होते. १९८८मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा बंदीची दंतकथा जाहिरातीच्या कामी आली, आणि तेव्हापासून ती हटायला तयार नाही.

हत्येपेक्षा मोठा फरक दुसऱ्याच एका गोष्टीने पडला, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. मूळ कादंबरी रिचर्ड कॉन्डनची, १९५९ची. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकी सैनिकांची मनं कम्युनिस्टांनी ‘धुतली’ ही भीती तिच्या मुळाशी आहे. शत्रू बाहेरचा, प्रयोगशाळाही त्याची. मग १९७५मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीच्या आणि १९७७मध्ये पुढच्या सुनावण्यांतून बाहेर आलं की ‘एमके-अल्ट्रा’ या नावाखाली १९५३पासून सीआयएनेच माणसांवर, कित्येकदा त्यांना न सांगता, एलएसडीसारख्या औषधांचे प्रयोग चालवले होते. हे माहीत असलेला माणूस कादंबरीतला मन धुण्याचा प्रसंग वाचताना आपोआप वॉशिंग्टनकडे बघतो. कॉन्डनने तसं लिहिलेलं नाही. तरीही ते वाचन चूक म्हणता येत नाही; फक्त ते १९५९चं आहे असं समजू नये.

प्रश्न : फ्लेचर नेबेलची ‘नाइट ऑफ कॅम्प डेव्हिड’ गटात वाचली. राष्ट्राध्यक्ष भ्रमिष्ट झालाय हे एका सिनेटरला कळतं आणि तो बिचारा दारोदार फिरतो. सरळ २५वी घटनादुरुस्ती का वापरत नाहीत? कथानकातलं एवढं मोठं भोक लेखकाला दिसलं नाही?

भोक नाही. पुस्तक १९६५चं आहे आणि २५वी घटनादुरुस्ती १० फेब्रुवारी १९६७ला संमत झाली. मूळ घटनेत अध्यक्ष ‘असमर्थ’ झाल्यास काय, याचा नुसता उल्लेख होता. असमर्थ कोणी ठरवायचं आणि कसं, हे कुठेच नव्हतं. केनेडींनंतर उपाध्यक्षपद १४ महिने रिकामं राहिलं आणि प्रश्न ऐरणीवर आला. कादंबरी नेमकी त्या फटीत बसलेली आहे. सिनेटर दारोदार फिरतो, कारण ठोठावण्यासारखं अधिकृत दार अस्तित्वातच नाही.

आजची पद्धत गटासमोर मांडून ठेवा, म्हणजे तुलना नीट होईल. उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री लेखी कळवतात की अध्यक्ष काम करू शकत नाहीत. उपाध्यक्ष तत्काळ कारभार हाती घेतात. अध्यक्षांनी ‘मी ठीक आहे’ असं लेखी कळवलं तर अधिकार त्यांच्याकडे परत जातात, मात्र ४ दिवसांत उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्र्यांनी पुन्हा हरकत घेतली तर प्रकरण काँग्रेसपुढे, म्हणजे संसदेपुढे येतं. अधिवेशन चालू नसेल तर ४८ तासांत जमायचं, २१ दिवसांत निकाल द्यायचा, आणि अध्यक्षांना बाजूला ठेवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. हे वाचल्यावर गटातला कोणीतरी नक्की म्हणेल की एवढं करण्यापेक्षा दारोदार फिरणं सोपं. म्हणू द्या.

कथानकात भोक दिसलं की तक्रार करण्याआधी त्या साली कायदा काय होता आणि यंत्रं कोणती होती, ते तपासावं. वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन ऑगस्ट १९६३मध्ये सुरू झाली आणि तिच्या टोकाला टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. त्याआधीच्या अणुयुद्धाच्या कादंबरीत नेते एकमेकांशी पटकन बोलत का नाहीत, हा प्रश्न तिथेच सुटतो.

या पुस्तकातली सरकलेली जागा मात्र वेगळीच आहे. अध्यक्षांच्या वेडाच्या खुणांपैकी एक म्हणजे देशभरातले फोन सरकारने ऐकावेत ही त्यांची कल्पना. १९६५मध्ये एवढ्यावरून वाचकाला पटायचं की गडी कामातून गेला. जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून कळलं की अमेरिकेत कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला याच्या नोंदी सरकार घाऊक गोळा करत होतं. बोलणं नव्हे, नोंदी, हा फरक लक्षात ठेवावा. तरीही आजच्या वाचकाला ती कल्पना वेडेपणाची वाटत नाही, धोरणाची वाटते, आणि लेखकाचा एक पुरावा हातचा जातो. २०१८मध्ये हे पुस्तक पुन्हा छापलं गेलं तेव्हा घेणाऱ्यांना रस होता तो राष्ट्राध्यक्षांच्या मनःस्थितीत. फोनचं प्रकरण बहुतेकांनी भरभर उलटलं असेल.

प्रश्न : आयरा लेव्हिनची ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’ आता शिळी झाली का?

अर्धी शिळी झाली, अर्धी ताजी. १९७६मध्ये ती आली तेव्हा नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतला डॉक्टर मेंगेले खरोखरच जिवंत होता आणि खरोखरच ब्राझीलमध्ये होता. वाचकाच्या अंगावर काटा यायचा तो या शक्यतेने. फेब्रुवारी १९७९मध्ये तो तिथेच समुद्रात पोहताना मेला, खोट्या नावाने पुरला गेला आणि १९८५मध्ये थडगं उकरून त्याची ओळख पटवली गेली. ती भीती तिथे निवली. उलट मेंगेले हिटलरचे क्लोन बनवतो हा धागा १९७६मध्ये निव्वळ कपोलकल्पित वाटायचा. १९९६मध्ये क्लोनिंगने डॉली मेंढी जन्मली आणि लोक थट्टेने वाचत असत ती पानं गंभीर झाली. ९४ माणसांच्या हत्या का होत आहेत हे कोडं मात्र नव्या वाचकाला लवकर सुटतं. लेव्हिनने उत्तर इतका वेळ लपवलं ते वाचकाला क्लोन म्हणजे काय हेच ठाऊक नसेल या हिशेबाने.

प्रश्न : आम्ही १२ जण महिन्याला एक जुनी राजकीय थरारकादंबरी वाचतो. चर्चा पाच मिनिटांत आजच्या राजकारणावर घसरते आणि भांडणात संपते. काय करावं? ग्रॅहॅम ग्रीनची ‘द क्वाएट अमेरिकन’ पुढच्या महिन्यात आहे. तिचा चित्रपटही दाखवायचा आहे.

भांडणाचं कारण साधं आहे: ‘हे तर अगदी आजच्यासारखं’ असं म्हणायला पुस्तक वाचलेलं असावं लागत नाही. तेव्हा नियम करा, तुलना करायची तर पान क्रमांक सांगून, तिथलं वाक्य वाचून. निम्म्या तुलना तिथेच गळतात. आणि पहिली ३० मिनिटं प्रकाशनाच्या सालापुढचं काहीही बोलायचं नाही. ‘द क्वाएट अमेरिकन’ १९५५ची. तेव्हा १९५५च्या पलीकडे गप्प. हे वाटतं त्यापेक्षा अवघड जातं, कोणीतरी घड्याळ लावून बसावं लागतं. त्यानंतर मोकळं सोडा.

प्रत्येकाकडे पोस्टकार्डाएवढा कागद असावा आणि त्यावर चार सालं: कथेतला काळ, पहिलं प्रकाशन, हातातली आवृत्ती, आणि ज्या घटनेमुळे वाचन बदललं तिचं साल. पहिली दोन बहुतेक पुस्तकातच मिळतात. तिसऱ्यासाठी शीर्षकपानाच्या मागची बाजू बघा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मजकूर जुनाच. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर लेखकाने बातमी पाहून हात फिरवला असू शकतो. नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना सगळ्यांत शेवटी वाचायची, कारण ती लिहिणाऱ्याला पुढचं माहीत असतं आणि तो ते पोटात ठेवत नाही. मलपृष्ठावरचा ‘भविष्यवेधी’ हा शब्द छापणाऱ्याचा समजावा.

अनुवाद वाचत असाल तर पाचवं साल अनुवादाचं. अनुवादकही बातम्या वाचत असतो. १९७०च्या दशकातल्या पुस्तकात ‘स्लीपर सेल’ किंवा ‘सायबर हल्ला’ दिसला तर मूळ इंग्रजी पान उघडून बघा. बऱ्याचदा तिथे साधा ‘गट’ किंवा ‘बिघाड’ निघतो आणि अर्ध्या तासाची चर्चा वाचते. काही लेखकांच्या बाबतीत सहावं सालही लागतं. अर्स्किन चिल्डर्सने १९०३मध्ये ‘द रिडल ऑफ द सँड्स’मधून जर्मन आक्रमणाबद्दल ब्रिटनला सावध केलं, आणि १९२२मध्ये आयरिश यादवीत आयरिश सरकारनेच त्याला गोळ्या घातल्या. त्यातली देशभक्तीची वाक्यं हे कळल्यानंतर पहिल्यासारखी वाचता येत नाहीत.

आता ग्रीन. ‘द क्वाएट अमेरिकन’मध्ये पाइल हा भल्या हेतूचा अमेरिकी तरुण व्हिएतनाममधल्या सायगावमध्ये ‘तिसरी शक्ती’ (फ्रेंचही नकोत, कम्युनिस्टही नकोत अशी) उभी करायला निघतो, तिच्या हाती स्फोटकं पोचवतो आणि गर्दीच्या चौकात बॉम्ब फुटतो. ती आली तेव्हा अमेरिकेत कित्येकांना तो आपला अपमान वाटला. १९६५मध्ये अमेरिकी पायदळ व्हिएतनाममध्ये उतरल्यावर तीच दूरदृष्टी ठरली. चित्रपट दोन आहेत. २००२चा मायकेल केनचा घ्या. तो पुस्तकाशी इमान राखतो. त्याचा प्रेक्षकांपुढचा चाचणी खेळ १० सप्टेंबर २००१ला झाला होता. दुसऱ्या दिवसानंतर अमेरिकेच्या चुका दाखवणारा चित्रपट लावायची हिंमत निर्मात्यांना होईना आणि प्रदर्शन वर्षभराहून जास्त लांबलं. तो संपल्यावर १९५८च्या चित्रपटाची शेवटची २० मिनिटं तेवढी दाखवा. त्यात अमेरिकी तरुण निर्दोष आहे आणि सगळा दोष कम्युनिस्टांवर टाकला आहे. पान क्रमांकांचा नियम इथेही लावा: पुस्तकातलं कोणतं वाक्य त्या शेवटात उलटं केलंय, ते शोधायला १२ जणांत वाटून द्या.